मनूची दुपारची झोप

अंबिकामावशींच्या छातीत गेल्या दिवाळीपासून काहीतरी धडधडत होतं. म्हणजे हृदयच, पण जरा जास्त. जिना चढताना त्या मध्येच थांबायच्या आणि कठड्यावरून खाली बघत राहायच्या, जणू कुणी यायचंय. डॉक्टरांनी एको करायला सांगितला होता.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत मावशींचं पाळणाघर आहे. तिथे मुलं ठेवणारे आईबाप आपापल्या ऑफिसात मोठमोठी कामं वेळेत उरकतात. मावशींच्या सुट्टीचा विषय निघाला की मात्र नेमका त्यांचा फोन वाजतो. एकोची पहिली तारीख कुणाच्या तरी मीटिंगमध्ये गेली, दुसरी एका पोराच्या तापात. परळच्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसाने बजावलं, "आता चुकलात तर थेट पावसाळ्यानंतर या." तेव्हा होळीही झाली नव्हती.

तिसऱ्या तारखेला बाकीची पोरं कुणाच्या ना कुणाच्या आजीकडे पांगली. उरली मनू. तिच्या आईने, सलोनीने, रजा मागितली होती. साहेबांनी सहानुभूती दिली. मनू अजून नीट बोलत नाही, पण दुपारी मावशींच्या छातीवर पालथी पडून, पदराचं टोक मुठीत धरूनच झोपते. दुसरीकडे कुठेही झोपत नाही, आणि ती झोपली नाही तर चाळीत कुणी झोपू शकत नाही. सगळी किमया पदरात आहे यावर चाळीचं एकमत होतं. पाण्याच्या वेळेवरही आमचं इतकं एकमत नाही.

मी घरी बसून जाहिराती लिहितो, म्हणजे चाळीच्या मते रिकामा आहे. त्यामुळे मावशींची न धुतलेली साडी खांद्यावर आणि मनू कडेवर, असा मी हॉस्पिटलात गेलो. नंबर लागला तो नेमका तिच्या झोपेच्या वेळेला.

मावशी आत गेल्या, दार लागलं आणि मनूने सूर लावला. मी पदर पुढे केला. तिने तो भिरकावला. मी उचलून पुन्हा दिला. शेजारच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "अहो, हिच्या आईला बोलवा की."

"आई ऑफिसात आहे."

"मग आत कोण?"

"मावशी."

"म्हणजे आईची बहीण?"

"नाही."

"आणि तुम्ही?"

"शेजारी."

आजोबांनी वॉचमन कुठे दिसतो का ते पाहिलं.

तेवढ्यात दार उघडलं. एको करणाऱ्या बाई कपाळाला आठ्या घालून उभ्या. "कुणाचं बाळ आहे हे? पेशंट सारखी उठून बसतेय. ठोके इतके पळतायत की मला काही मोजता येत नाही. असंच चाललं तर मी पुढचा पेशंट घेणार."

आतून मावशी ओरडल्या, "अभय, मेल्या, थोपट तिला! पाठीवर नको, ढुंगणावर!"

सगळी लाईन हसली. मी सांगितलेल्या जागी थोपटलं. मनूने वरची पट्टी धरली.

"या आत," बाई वैतागून म्हणाल्या. "पडद्यामागे उभे राहा. आणि दोन मिनिटांत गप्प झाली नाही तर तुमची तारीख गेली म्हणून समजा."

आत अंधार होता, आणि एसीचा गारठा. पडद्यापलीकडे मावशी कुशीवर झोपलेल्या असाव्यात. मला फक्त मशीनचा स्क्रीन दिसत होता. बाईंनी कसलंसं बटण दाबलं आणि मशीनमधून आवाज आला. फुश्श-डुब. फुश्श-डुब. लांब कुठेतरी मोरीत कुणी चादर आपटतंय तसा.

मनू थांबली. तोंड उघडं, रडं अर्धवट. तिने मान वळवून मशीनकडे पाहिलं. मग माझ्या छातीला कान लावून पाहिला. तिथे तिला हवं ते नव्हतं. पुन्हा मशीनकडे पाहिलं. अंगठा तोंडात घातला, डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि ती झोपली.

साडी खाली फरशीवर पडली होती.

समोर करड्या उजेडात एक पातळशी झडप उघडत होती, मिटत होती. कुणी बघत नसताना इतकी वर्षं ती हेच करत आली होती. मी जन्मभर हृदय हा शब्द विकला आहे. तेलासाठी, चहासाठी, एकदा तर गृहकर्जासाठी. वस्तू आज पहिल्यांदा पाहिली. आणि माझ्या खांद्यावरच्या पोरीला ती रोजच्या ओळखीची होती.

"झोपली?" पडद्यामागून मावशींनी हळूच विचारलं.

"झोपली."

फुश्श-डुबचा वेग आपोआप उतरला. "आता कसं," बाई पुटपुटल्या. "हलू नका." त्यांनी एकेक माप घेतलं. मग काम संपलं, तरी त्यांनी हात काढला नाही.

"झालं ना?" मावशी म्हणाल्या.

"झालं. पण आत्ता आवाज बंद केला तर उठेल ती. डोळा नीट लागू दे."

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "थांबा!" बाई दबक्या आवाजात खेकसल्या. "इथे काम चालू आहे."

थोड्या वेळाने मावशींनी विचारलं, "काय दिसतंय ग, बाय?"

"ते डॉक्टर सांगतील. पण एक झडप पुरती उघडत नाहीये. लवकर मोकळी करून घ्यावी लागेल."

"मग हा आवाज बदलेल?"

"बदलेल थोडा. सुधारेल."

"हिला चालेल का पण?"

बाईंना आजवर हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "होईल सवय," त्या म्हणाल्या.

"आणि नाहीच केलं तर?"

बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मीही. फुश्श-डुब.

मावशींनी हात लांबवून पडदा जरासा सरकवला आणि झोपलेल्या मनूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "करून टाकूया. फक्त डॉक्टरांना सांग, दुपारची वेळ देऊ नका म्हणावं. दुपारी हिला झोपवायचं असतं."