आठच्या आत पडदा

"ताईच्या खुणेवर जाऊ नका. दार वाजवत जा," समोरच्या इमारतीतल्या लेखिका आजींची धाकटी बहीण परगावाहून फोनवर म्हणाली होती. "ती स्वतःच्याच पुस्तकातल्यासारखी वागते. जीव गेला तरी मदत मागायची नाही."

छोटीच्या आईने 'हो हो' म्हटलं आणि फोन ठेवला. तिकडे बसून हिला काय कळणार? इथे मी आहे ना डोळ्यांत तेल घालून.

तशी ती होतीच. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी, गॅस बंद केलाय का म्हणून जिन्यातून दोनदा परत फिरणारी. नवरा म्हणायचा, "तुला पहाऱ्यावर ठेवलं असतं तर चोरांनी गाव सोडलं असतं."

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, पलीकडच्या इमारतीत, बेटवाल्या आजी राहायच्या. नाव मुलांनी पाडलेलं. जहाज फुटून बेटावर अडकलेल्या तीन भावंडांची गोष्ट आजींनी पन्नास वर्षांपूर्वी लिहिली होती. छोटीच्या आईने ती लहानपणी पांघरुणात घुसून वाचली होती. आता आजी ऐंशीच्या घरात, एकट्या, पण जिभेची धार तीच.

गोष्टीतली भावंडं बेटाच्या दोन टोकांना राहतात. सकाळी पलीकडे धूर दिसला की समजायचं, सगळं ठीक आहे. त्यावरूनच दोघींचं ठरलं. आजींनी रात्री पडदा ओढायचा आणि सकाळी आठच्या आत सारायचा. आठनंतर बंद दिसला, तर छोटीच्या आईने किल्ली घेऊन धावायचं.

"उगाच येऊन डोकावू नकोस हं," आजींनी बजावलं होतं. "मी माणूस आहे, उतू जाणारं दूध नाही."

मग छोटी तापाने फणफणली. पहिल्याच दिवशी आजींचा फोन आला. "तू पोरीपाशी बस. माझं काय, पडदा बघितलास की झालं."

रोज सकाळी पट्ट्यांचं पाणी बदलता बदलता छोटीची आई खिडकीतून नजर टाकायची. पडदा उघडा. चला, एक काळजी मिटली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. दुपारी छोटी उशीला टेकून बसली आणि बेटाची गोष्ट मागू लागली. आई वाचत होती. धाकटीचा पाय मोडतो. भाऊ आणि ताई तराफा बांधतायत, ते काम टाकून त्यांनी आपल्यासाठी धावत येऊ नये म्हणून ती शेकोटीवर एकदमच ओल्या ओंडक्यांचा ढीग रचते. धूर दिवसरात्र निघत राहतो.

"मग त्यांना कळणार कसं?" छोटीने विचारलं.

आईने पुस्तक मिटलं. ती उठून खिडकीशी गेली. पडदा उघडा होता. पण काल रात्री तो ओढलेला पाहिला होता का? परवा? तीन रात्रींत तिने एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

शेजारच्या काकूंना छोटीपाशी बसवून ती किल्ली घेऊन पळाली.

आजी पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडल्या होत्या. ओठांवर पापुद्रे, अंगाखाली ओल. फोन बाहेरच्या खोलीत.

"पडदा उघडाच होता ना?" आजींचा आवाज जेमतेम फुटला.

"हो."

"मग कशाला आलीस? पोरगी तापली आहे ना तुझी."

"कधी पडलात आजी?"

"परवा. चक्कर आधीपासून येत होती. म्हटलं, पडदा ओढला आणि सकाळी उठताच आलं नाही, तर तू आजारी पोर टाकून धावशील. मग ओढलाच नाही."

चमच्याने पाजलेलं पाणी ओठांच्या कडेने गळून गेलं.

"एक दिवस आधी आणायचं होतं," डॉक्टर कागद भरता भरता म्हणाले. तिसऱ्या दिवशी आजी गेल्या.

बहीण आली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही रोज बघत होतात?" तिने विचारलं.

"रोज."

बहिणीने मान हलवली आणि आजींच्या साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

छोटीची आई आता भेटेल त्याच्या मागे लागते. लोक म्हणतात, बाई वेडी झाली. म्हणोत. तुमच्याही मागे ती लागणारच: तुमच्या ओळखीत एकटं राहणारं, 'माझं काय, मी बरी आहे' म्हणणारं कोण आहे? खिडकीत दिवा दिसला, मेसेजला अंगठा आला, एवढ्यावर राहू नका. आज त्यांच्याकडे जाऊन या. 'कशाला आलास' म्हणून खेकसले, तरी आत जाऊन घटकाभर बसा.