तंबूतली रिकामी जागा

शनिवारी सकाळी बुलढाण्यातल्या त्या कॉलनीत तीन गाड्यांवर तंबू बांधले जात होते. चार कुटुंबं लेकराबाळांसह धरणाकाठी मुक्कामाला निघाली होती. सहा वर्षांचा संघपाल गळ्यात पाण्याची बाटली अडकवून खाली पळाला. आपणही जाणार, असं तो धरूनच चालला होता.

"पुढच्या वेळी हं बेटा," शेजारची डिंपल म्हणाली आणि घाईने गाडीत बसली.

वर गॅलरीत त्याची आई सारिका उभी होती. तिच्या कडेवर चार वर्षांची महामाया. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा प्रसेनजित आजाराने गेला, तोवर अशा प्रत्येक सहलीत हे घर असायचं. तो गेल्यावर कोणी भांडलं नाही, तोडून बोललं नाही. फक्त बोलावणं थांबलं. संघपाल जिना चढून वर आला आणि त्याने बाटली काढून टेबलावर ठेवली.

सारिकाला ते बघवेना. "चला, आपणही तंबूत राहू!" ती एकदम म्हणाली. दुपारच्या एसटीने तिघं धाड गावी पोहोचली. तिथून जवळच सासरचं शेत होतं.

हरभरा घाटे धरून उभा होता. सासरे शंकरराव ताडपत्री आणि बांबू घेऊन आले, तर सासूबाईंनी त्यांना थांबवलं. "तिले बांधू द्या," जनकाबाई म्हणाल्या.

तंबू दोनदा कोसळला. पोरं खदखदून हसली. तिसऱ्यांदा दोर ताणून बसले आणि तंबू उभा राहिला. सारिकाने आत सतरंजी अंथरली, पोरांच्या उशा मांडल्या. सवयीने कडेला एका माणसाची जागा सोडली. लक्षात आल्यावरही तिला तिथे काही ठेवावंसं वाटलं नाही.

दिवस मावळताना जनकाबाईंनी ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. काळ्या हातांनी गरम हरभरे सोलता सोलता संघपालने विचारलं, "आई, बाबा नाहीत म्हणून आपल्याले कोणी नेत नाही का?"

सारिकाने सोललेले दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"नाही रे बापू, त्यायच्या ध्यानात राह्यलं नसंल," जनकाबाई म्हणाल्या.

पोरं आत खेळायला गेल्यावर सारिका हळूच म्हणाली, "ध्यानात होतं, आई. म्हणूनच नेलं नाही."

"मंग तू चूप काऊन बसली?"

"काय बोलू? बोलावणं मागून घेऊन का जायचंय?"

"माह्यं लेकरू गेलं, त्याचं दुःख मले हाये. पण तू तं जिती हायेस! तुह्यी लेकरं जिती हायेत! लोकायले वाटते, एकट्या बाईले जोडप्यायत बोलावलं तं तिले वाईट वाटंल. न बोलावल्यानं काय होते, हे त्यायले कोणी सांगतलंच नाही. तू सांग. भांडू नको, पण सांग!"

रविवारी संध्याकाळी सारिकाने डिंपलचं दार वाजवलं.

"आम्हाला का नाही बोलावलंस?"

डिंपल गडबडली. "अगं, सगळी जोडपी होती. तुला अवघडल्यासारखं झालं असतं..."

"हे मला विचारलं होतंस?"

"नाही... आणि आमचे हे, राजकुमार, म्हणाले, तिचा तंबू कोण लावणार, रानात तिची जबाबदारी कोण घेणार."

"काल माझा तंबू मी लावला, डिंपल. आणि माझ्या लेकराने मला विचारलं, बाबा नाहीत म्हणून आपल्याला कोणी नेत नाही का? सांग, काय उत्तर देऊ त्याला?"

डिंपलने तिचा हात धरला. "अगं बाई! तुला जपतोय असं समजून आम्ही पोरांनाच शिक्षा केली गं!" तिचे डोळे भरून आले. आतून राजकुमार बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "चुकलंच आमचं, वहिनी," एवढंच तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात सहलीचा दिवस ठरवण्याआधी डिंपल सारिकाला विचारून गेली. या वेळी तिघंही सोबत गेली. रात्री शेकोटीभोवती सगळे दोघं-दोघं बसले, तेव्हा सारिकाला प्रसेनजित आठवलाच. शेजारची जागा कुठेही गेलं तरी रिकामीच राहणार होती. तिने डोळे पुसले, पण ती उठून गेली नाही. कोणीही नजर चुकवली नाही. पलीकडच्या तंबूतून महामायाचं हसू ऐकू येत होतं.

मंडळी, असं एखादं घर आपल्याही गल्लीत असेल. त्या माणसाला काय वाटेल, हे परस्पर ठरवू नका. दार वाजवा, विचारा. "नाही" म्हणायचा हक्क त्याचा आहे. त्याच्या वतीने आपणच "नाही" म्हणून टाकायचा हक्क आपल्याला कोणी दिला?