चिखलात उतरलेलं हेलिकॉप्टर

इंगा त्वेट हेलिकॉप्टर चालवायची आणि डर्मट खाली डोंगरउतारावर तोडलेले ओंडके तिच्या लांब दोराला अडकवायचा. ब्रिटिश कोलंबियाच्या त्या किनाऱ्यावर रस्ताच नाही, त्यामुळे लाकूड हवेतून न्यायचं आणि खाली खाडीत सोडायचं. डर्मटची रेडिओवर दिवसभर टकळी चालू असायची. दुखरा गुडघा, बिनकामाचा मेहुणा, काल करपलेले बटाटे.

"हा देवदार अगदी तुझ्यासारखा आहे," त्या सकाळी तो म्हणाला. "वजनदार, आणि जागचा हलत नाही."

"आधी बाजूला हो," इंगा म्हणाली.

ओंडका उचलून ती खाडीवर पोचते न पोचते तोच इंजिनाने आचका दिला आणि ते गपगार झालं. इंगाने सगळ्यात आधी ओंडका सोडून दिला. तो जिथे पडला, तिथून जवळच तराफ्यावर तळावरच्या स्वयंपाकिणीचं, रोझालीचं, स्वयंपाकघर तरंगत होतं. वाळत घातलेल्या चादरी रोझालीसकट चिंब झाल्या.

इंजिन मेलं तरी वरची पाती काही वेळ वाऱ्याने फिरत राहतात. त्यांच्या जिवावर एकदा उतरता येतं, दुसऱ्यांदा नाही. किनाऱ्यावर सगळी झाडंच. ओहोटीने उघडा पडलेला चिखलाचा पट्टा तेवढा मोकळा होता. इंगाने अगदी शेवटी यंत्राचं नाक वर खेचलं. हेलिकॉप्टर धपकन बसलं, शेपूट मोडलं आणि ते कुशीवर कललं. मनगटातून कळ आली. दुखतंय म्हणजे आपण आहोत, असं तिच्या मनात आलं.

डर्मट धापा टाकत पोचला तेव्हा त्याच्या एकाच पायात बूट होता. दुसरा चिखलाने गिळला होता.

"जिवंत आहेस का गं?"

"नाही."

"बरं. मग पाय काढ बाहेर."

त्याने तिला ओढून काढलं, आणि मग स्वतःच चिखलात फतकल मारून रडू लागला.

"अरे, पडले मी. तू का रडतोस?"

"रडू दे ना जरा. तुझं काय जातंय?"

चांगल्या हाताने इंगा त्याची पाठ थोपटत बसली.

तेवढ्यात रोझाली ओल्या कपड्यांनीच होडी वल्हवत आली. "चादरी कोण धुणार आता?" असं म्हणून तिने इंगाला मिठी मारली, ती भरतीचं पाणी घोट्याला लागेपर्यंत सोडलीच नाही.

इंधनपंपातला बोटभर दांडा तुटला होता, असं पुढे तपासणीत निघालं.

पण त्या दिवशी इस्पितळात जायला दुसरं हेलिकॉप्टरच आलं. वैमानिक बिचारा नवखा. इंगा मागे बसून वाटभर इंजिनाला कान लावून होती.

"हा आवाज कसला?" तिने चौथ्यांदा विचारलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या दातांचा."