चिठ्ठीत न लिहिलेली जागा

सर्किट बोर्ड नवव्यांदा अडकलं, तशी सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावर तेच रडगाणं: पहिली नोंद वाचली, दुसरी शून्य, तिसरी शून्य, आणि पुढे सगळं ठप्प.

"आई, तुमचा बूटलोडर मला कोरी चिठ्ठी देतोय."

शेजारच्या टेबलावरून सासूबाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "अठरा वर्षं चिठ्ठ्या देतोय तो. कुणाला कोरी दिली नाही. तुझ्याच लेकराच्या हाताला भोक असेल."

लेकरू म्हणजे कर्नल, यंत्राच्या सगळ्या कारभाराचा गाभा. तो सुनेनं लिहिलेला. बूटलोडर सासूबाईंचा. बटण दाबलं की आधी तो उठतो, मेमरी किती, कुठली मोकळी, कुठली अडवलेली ते बघतो, सात नोंदींची चिठ्ठी लिहितो, कर्नलला हाक मारतो आणि त्याच्या हाती चिठ्ठी देतो. उठावं, मोजावं, लिहावं, सोपवावं आणि गुमान नाहीसं व्हावं, एवढंच त्याचं जिणं.

दोघी कामाला होत्या तो कारखाना रक्ताच्या पिशव्या थंड ठेवणाऱ्या पेट्या बनवायचा. पेटीच्या जुन्या बोर्डावर दोघींचं गूळपीठ जमलेलं होतं. नवं बोर्ड आलं आणि बिनसलं. सकाळी मालक दारातूनच सांगून गेला होता, "चार वाजता येतो. लागोपाठ दहा वेळा सुरू झालं तर ठीक, नाहीतर तुमच्या सासूबाईंचं काढून टाका. बूटलोडर बाजारात तयार मिळतो."

सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "बरं." नुसतं बरं! अठरा वर्षांच्या कामावर एक बरं! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि अजून ती खाली उतरली नव्हती.

आता तीन वाजत आले होते. तिनं कर्नलमध्ये आणखी एक ओळ घातली: चिठ्ठी हातात पडताक्षणी सगळी छापून दाखव. बटण दाबलं. सातही नोंदी खणखणीत उमटल्या.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

"बघितलं." तिनं दुसरी ओळ घातली: पहिल्या नोंदीतली मोकळी जागा झाडून घेतलीस की चिठ्ठी पुन्हा दाखव. या वेळी सातही नोंदी शून्य.

मग तिनं चिठ्ठी ठेवल्याचा पत्ता पाहिला, पहिल्या नोंदीशी ताडून पाहिला, आणि खुर्ची मागे ढकलून उभीच राहिली.

"आई, चिठ्ठीत लिहिलंय, ही खोली रिकामी आहे, खुशाल झाडा. आणि चिठ्ठी ठेवलीत त्याच खोलीत! माझ्या लेकरानं झाडू मारला, त्यात चिठ्ठीही गेली. जुन्या बोर्डावर ती शेवटच्या खोलीत असायची. वाचून संपल्यावर जायची, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही."

"मग आधी नीट उतरवून घ्यावं, नंतर झाडू हातात धरावा. एवढंही शिकवलं नाहीस का त्याला?"

"उतरवून ठेवू कुठे? मोकळी जागा कुठली हे तुमच्या चिठ्ठीवरूनच तर कळतं!"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, पण चिठ्ठीची कसली जागा धरायची? एवढीशी तर असते. काम झालं की संपलं."

सुनेनं हात टेकले. घरी खुर्च्या आणल्या त्याही या बाईंनी माणसं मोजून आणल्या होत्या, स्वतःला सोडून; सहा वर्षं झाली, चहा अजून ओट्याला टेकून उभ्यानंच पितात. किती सांगावं, किती भांडावं! दगडाला पाझर फुटेल, पण आईंना खुर्ची लागणार नाही.

"लिहा," ती म्हणाली. "आठवी नोंद. इथे चिठ्ठी आहे, हात लावू नका. आणि पहिलीतून तेवढी जागा कमी करा."

"तूच लिही ना, तुझा हात भरभर चालतो."

"तुम्ही लिहायचं. मी नाही लिहिणार."

पावणेचारला सासूबाईंनी पुटपुटत चार ओळी लिहिल्या. एक चुकली, ती खोडली, पुन्हा लिहिली. चारला मालक आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. सून बटण दाबत गेली, तो मोठ्यानं मोजत गेला. सहाव्या वेळी पडदा जरा रेंगाळला, मालकाचं मोजणं अडलं, आणि कर्नल उठला. सात. आठ. नऊ. दहा.

"झकास. मग सासूबाईंचंच ठेवायचं?"

"माझ्यासाठी अडू नका हो," सासूबाई लगबगीनं म्हणाल्या, "तयार मिळतं ते चांगलंच असेल, तेच घातलंत तरी..."

"आई!"

आवाज एवढा चढला की बाहेर पत्रा कापणारा कारागीर थांबला.

"ठेवायचंय," सून मालकाला म्हणाली. "आठ नोंदींसकट."

मालकानं मान डोलावली आणि तो लगेच सटकला. दोघींच्या मधे उभं राहण्याचं धाडस त्याच्यात नव्हतं.

"एवढं ओरडायला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

सून बोलली असती तर याहून मोठ्यानं ओरडली असती. तिनं पेटीवर झाकण बसवलं आणि एकेक स्क्रू हवा त्याहून दोन पीळ जास्तच आवळला.