बाराशेची लाईन, अण्णांची पाणीपाळी

दिनकरराव साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या टेलिफोन लाईनचा वेग सेकंदाला बाराशे. फाइल होती बहात्तर हजार अक्षरांची. म्हणजे परभणीहून मुंबईला एका मिनिटात पोचायला हवी. मी बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत बसले. चक्क दहा मिनिटं लागली!

मी तणतणत साहेबांच्या टेबलाशी गेले. "साहेब, सांगतात बाराशे आणि देतात एकशेवीस. मधे कुणीतरी खातंय."

हा संशय माझा एकटीचा नव्हे, आमच्या घराचाच. पिंगळीजवळ आमचं रान आहे. कॅनॉलमधून निघणाऱ्या एकाच चारीवर, म्हणजे मातीच्या पाटावर, आधी पंडितकाकाचं आणि मग शेवटाला माझ्या वडिलांचं, अण्णांचं. सख्खे भाऊ. काकाची पाणीपाळी एका आठवड्यात, आमची दुसऱ्यात. वेळ सारखीच, गहूही सारखाच. पण काकाचा गहू पुरता भिजायचा आणि आमची शेवटची पट्टी कोरडी राहायची. आपल्या पाळीत पंडित मधेच पाणी वळवून घेतो, असं अण्णांच्या मनानं घेतलं. दोन वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. आता येत्या सोमवारी अण्णा त्याच्यावर पाणीचोरीची फिर्याद देणार होते. एकदा फिर्याद झाली की घर कायमचं तुटणार, हे मला दिसत होतं. पण चोर काकाच, याबद्दल मलाही शंका नव्हती.

साहेब हसले. "कुणी खात नाही, बाई. बाराशे म्हणजे अक्षरं नव्हेत, बिट, नुसते शून्य आणि एकचे ठोके. एका अक्षराला आठ बिट लागतात. शिवाय प्रत्येक अक्षराच्या पुढे एक बिट जातो, 'आलो' म्हणून सांगायला. मागे एक जातो, 'संपलो' सांगायला. किती झाले?"

"दहा."

"आता उलटं मोजा. लागलेल्या वेळावरून लाईन केवढी ते काढा."

मी कागद ओढला. बहात्तर हजार गुणिले दहा, भागिले सहाशे सेकंद. बरोबर बाराशे! एक बिटसुद्धा गहाळ नव्हता. मला इतका आनंद झाला की दुपारभर मी दिसेल त्याची लाईन काढत सुटले. आमच्या टायपिस्ट सुलाबाई बोटांनी सेकंदाला चाळीस बिट पाठवतात आणि तोंडानं कितीतरी जास्त, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या डब्यातलं सगळं लोणचं संपवून सूड घेतला.

शनिवारी पॅसेंजरनं गावी जाताना मात्र ते 'आलो' आणि 'संपलो' डोक्यातून जाईनात. लाईन पुरती भरून वाहते, तरी सगळंच काही अक्षर नसतं. मग आमच्या चारीत, कुणी न चोरताही, गव्हापर्यंत न पोचणारं पाणी असेल का?

रविवारी सकाळी आमची पाळी होती. मी विचारलं, "अण्णा, पाळी कवापासून धरत्यात?"

"वर कॅनॉलचं दार उघडलं की."

"आन् पानी आपल्या रानात कवा येतं?"

"येतं तवा येतं. मदी त्यो बसलाय की प्यायला."

"मग चला, आज पान्यासंगं चालू."

"पान्यासंगं? येड लागलं का तुला?" म्हणाले खरे, पण चोर पकडायच्या आशेनं फावडं खांद्यावर टाकून निघाले.

दार उघडलं. चारी वाळून खडखडीत झाली होती. काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. पाणी थोडं सरकायचं आणि भेगेत उतरायचं. ती भरली की पुढची. आम्ही चालत कसले होतो, थांबतच होतो. अण्णांची बिडी ओढून झाली तरी पाणी आपलं त्याच बाभळीशी. काकाचं रान येईपर्यंत तास गेला.

"अण्णा, तासभर नुसती चारीच भिजायलीय," मी म्हणाले. "आन् आपल्या रानापत्तुर अजून तेवढीच हाय. ही वेळ गव्हाची न्हाईच. कुणी चोरलं न्हाई, मातीनं पेलं."

 काकाच्या रानात पाणी जायचं तोंड अण्णा वाकून बघत होते. दगड, त्यावर पोतं, त्यावर ओला चिखल थापून ते घट्ट बुजवलेलं होतं. एक थेंब आत जात नव्हता. चिखलावर हाताचा ठसा होता, अंगठा धरून चारच बोटांचा.

काकाची करंगळी लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. तेव्हा त्याला पाठीवर घेऊन अण्णाच पिंगळी स्टेशनापर्यंत पळाले होते.

"सकाळीच लिंपून गेलाय," अण्णा म्हणाले.  "माजी पाळी म्हनून."

फावडं तिथंच टाकून ते काकाच्या गव्हातून सरळ त्याच्या आखाड्याकडे, शेतातल्या गोठ्याकडे, निघाले. मी मागे धावले. काका बैलाला कडबा टाकत होता, तो तसाच उभा राहिला.

"पंडित," अण्णा म्हणाले, "तुजी पाळी सरली की लगोलग माजी लावून घेऊ. चारी वली असती तवर."

"मी बी तेच म्हननार व्हतो. पन तू बोलतच न्हवतास."

"मंग तू बोलायचं!" अण्णा ओरडले. डोळे भरले होते आणि राग खराच होता. "धाकटा हायस ना? चल आता माज्या गव्हात, दारं धराया. पानी येतच आसंल."