मधला ओटा

स्वयंपाकघरात आयलंड, म्हणजे मधोमध सुटा ओटा, बसणार नाही हे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, फक्त मापं घ्यायची राहिली होती.

ठरवणाऱ्यांत पहिला नंबर नवऱ्याचा. तो शहरबस चालवायचा, आणि जगातली कुठलीही रुंदी आपल्याला नुसत्या नजरेनं कळते असा त्याचा दावा होता. दारात उभं राहून, एक डोळा बारीक करून त्यानं स्वयंपाकघर न्याहाळलं आणि मान हलवली.

"अगं, आख्खा जन्म बस हाकण्यात गेला माझा. कुठं काय घुसतं आणि कुठं अडकतं हे मला नको शिकवूस. तुझं ते बेट मध्ये आलं की आपण सगळे भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखे चालणार."

"चाला," बायको म्हणाली. "पोट तरी कमी होईल."

बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. तिथे कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. ही बाई असल्यामुळे मास्तरीण झाली, आणि ते नाव कारखान्यातून गल्लीत आणि गल्लीतून घरात कधी शिरलं ते कुणाला कळलंही नाही. मशिनांच्या खडखडाटात तिचे कान गेले होते. डावा पुरता, उजवा जवळजवळ. कानात यंत्र होतं, पण ते भलतंच समदर्शी. माणसाचा आवाज, नळाचा आवाज, पातेल्यावरच्या झाकणाचा आवाज, सगळ्यांना ते एकाच मापानं मोठं करून द्यायचं. त्या कालव्यातून शब्द निवडायचे म्हणजे गव्हातून खडे निवडण्यापैकी काम.

तरी कारखान्यात ती बहिरी नव्हती. तिथे एवढा गोंगाट असतो की सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात. तिचं कटिंगचं टेबल हॉलच्या मधोमध. ती टेबलाच्या एका बाजूला उभी, आणि समोर सगळा हॉल. शेवटच्या ओळीतल्या बाईनं सुपरवायझरला शिवी हासडली तर मास्तरीण इथे कात्री थांबवून हसायची.

बहिरी ती घरी आल्यावर व्हायची. स्वयंपाकघर म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली भिंतीला लागून ओटा, दाराशी फ्रीज, मध्ये जेवणाचं टेबल. स्वयंपाक करायचा म्हणजे तोंड भिंतीकडे आणि पाठ घराकडे. पाठीमागे टेबलावर नवरा आणि मुलगा बसलेले. ते बोलायचे, हसायचे. ती ओले हात घेऊन वळायची, "काय झालं?" म्हणून विचारायची. तोवर ओठ थांबलेले असायचे. "काही नाही गं," नवरा म्हणायचा. "काही नाही, आई," मुलगा म्हणायचा. दिवसभरात तिच्या वाट्याला घरातलं सगळ्यांत जास्त काय येत असेल तर हे "काही नाही". तिला त्याचा वीट आला होता.

म्हणून तिला मधोमध ओटा हवा होता. मासिकात फोटो बघितला होता म्हणून नव्हे, शेजारणीकडे आहे म्हणून तर अजिबातच नव्हे. तिला स्वतःच्या घरात काय चाललंय ते कळायला हवं होतं. हे तिनं सांगितलंही होतं, सरळ शब्दांत. नवरा म्हणाला, "अगं, मग यंत्राचा आवाज वाढव की."

सुतार आला. बोलका, मिशाळ माणूस, कानावर पेन्सिल. त्यानं टेप लावली, ओट्यापासून टेबलापर्यंत, दारापासून फ्रीजपर्यंत.

"टेबल भिंतीला सरकवलं तर होईल, वहिनी," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, जरासा चुळबुळला आणि म्हणाला, "तरी घरी जाऊन नीट मांडतो."

नवरा त्याला सोडायला खालपर्यंत गेला. पाहुण्याला लिफ्टपर्यंतही न सोडणारा माणूस! दुसऱ्या दिवशी सुताराचा निरोप आला: नाही बसत. मुलानं तो वाचून दाखवला आणि आईचा चेहरा न बघता मोबाइल खिशात टाकला.

मास्तरणीनं ते मानलं नाही. कपडा अंगावर न चढवता "बसत नाही" म्हणणाऱ्या सुपरवायझरचंही तिनं जन्मात ऐकून घेतलं नव्हतं. आधी कागद, मग ट्रायल, मग काय ती तक्रार. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं टेबल भिंतीला ढकललं, फरशीवर खाकी कागद पसरला, खडूनं आयत आखला आणि कापून जमिनीला चिकटवला. कोपऱ्यांना हलकी गोलाई दिली, कंबरेला कोपरे लागू नयेत म्हणून. मग कारखान्यातून आणलेली रिळांची रिकामी खोकी त्यावर एकावर एक रचली आणि वर इस्त्रीची लांब फळी टाकली.

"झालं," ती म्हणाली. "आज स्वयंपाक इथे. ज्याला अडचण होईल त्यानं ती मला दाखवायची. सुतारालाही चहाला बोलावलंय."

"हे काय खूळ?" नवरा म्हणाला.

"ट्रायल."

मुलगा मुद्दाम श्वास रोखून, हात वर करून खोक्यांच्या कडेनं सरकला. फ्रीजचं दार उघडायला गेला तर ते वरच्या खोक्यावर धाडकन आपटलं. नवऱ्याचा चेहरा असा खुलला की जणू लॉटरीच लागली.

"बघ! मी म्हणत होतो!"

दार आपटलं होतं हे खरंच होतं. मास्तरणीनं बटाटे घेतले, फळीमागे उभी राहिली आणि सोलायला लागली. एवढ्यात सुतार आला. नवऱ्यानं त्याला टेबलाशी बसवलं, मुलगाही शेजारी बसला. मास्तरणीनं चहा ठेवला, बटाटे धुवायला नळ सोडला, वर धुराचा पंखा लावला आणि पुन्हा फळीमागे येऊन सुरी हातात घेतली.

आता नळ चालू, पंखा चालू म्हणजे बायको बंद, हे नवऱ्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की आज बायकोची पाठ नव्हे तर तोंड आपल्याकडे आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो नेहमीच्या सवयीनं सुताराकडे झुकला.

"परवा सांगितलंय तेच धरून ठेवा," तो म्हणाला. "बसत नाही म्हणजे नाही."

"पण साहेब, बसतंय ना," सुतार म्हणाला. "फ्रीजच्या दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावल्या की विषय संपला."

"ते तिच्यासमोर काढूच नका. हे टेबल इथे भिंतीला आलं की बाहेरच्या खोलीतला टीव्ही दिसायचा बंद. जेवताना बघायचं काय, खोकी?"

"बाबा, हळू," मुलगा म्हणाला.

"हळू कशाला? तिला काय कळतंय."

मास्तरणीची सुरी बटाट्यात अर्ध्यावर थांबली. राग नंतर आला. आधी वाईट वाटलं, इतकं की डोळ्यांपुढचा बटाटा धूसर झाला. हे आजचं एक झालं. पाठीमागे असं किती बोलून झालं असेल? किती वेळा तिच्या पाठीला बघून हे हसले असतील, आणि ती ओले हात घेऊन वळल्यावर किती सहज चेहरे सरळ केले असतील? तिनं दाताखाली ओठ दाबला. रडायचं तर नंतर रडता येईल, आत्ता समोर काम होतं. तिनं पंखा बंद केला, नळ बंद केला, हात पुसले.

"टीव्हीच हवाय ना?" ती म्हणाली. "मग तसं म्हणायचं होतं. बसत नाही, बस अडकते, खेकडे चालतात, एवढ्या गोष्टी कशाला रचल्या? सुतारदादाला खाली गाठून पढवायचं आणि वर 'तिला काय कळतंय'!"

सुतारानं कानावरची पेन्सिल उगाचच काढली आणि पुन्हा ठेवली.

"आई," मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी तर त्यांना…"

"तू 'हळू' म्हणालास. 'नको' नाही म्हणालास."

मुलानं मान खाली घातली. मास्तरीण सुताराकडे वळली.

"दादा, आता तुमचं. मला बघून सांगा. बसतंय की नाही?"

"बसतंय, वहिनी," सुतार म्हणाला. "पहिल्या दिवशीच बसत होतं. चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. माप यावरूनच घ्या. कोपरे गोलच ठेवायचे. फ्रीजचं दार आजच फिरवून जा, हत्यारं आणली असतील तर."

"आणलीत," सुतार म्हणाला आणि सुटका झाल्यासारखा पिशवीत डोकं घालून बसला.

नवरा तोंडावर हात ठेवून काहीतरी पुटपुटला. सवयच ती. नको तिथे सापडला की हात तोंडावर.

"हात खाली घ्या."

"अगं, मी काही वाईट…"

"हात खाली. इतकी वर्षं मी वळून वळून विचारत आले. आता मी वळणार नाही. या घरात माझ्याबद्दल बोलायचं असेल तर मला दिसेल असं बोलायचं. जमत नसेल तर गप्प बसायचं. या घरात जागा कमी नाही, तुम्ही ती मला द्यायला तयार नव्हता, एवढंच."

त्यानं हात खाली घेतला. दिवसभर हॉर्न वाजवणाऱ्या, सगळ्या रस्त्याला बाजूला व्हायला लावणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात कुठे बघावं ते कळेना. मुलगा उठला आणि न सांगता चहा गाळायला लागला. नवऱ्यानं या खेपेला तोंड वर करून, एकेक शब्द सुटा सुटा करून विचारलं, "मग मी बसायचं कुठं?"

मास्तरणीनं फळीवरचे बटाटे बाजूला सारले आणि पलीकडची कड हातानं थोपटली.

"इथं. माझ्यासमोर. आणि आता सांगा, सगळं पहिल्यापासून."