एकेचाळीस नंबरची बरणी

संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनाच्या रखवालदाराला सगळे दादा म्हणत. कामावर साधा माणूस, पण घरी थाट राजाचा. गेली बावीस वर्षं तो बायकोला एकच सांगत आला होता, "अगं, सकाळपासून उभा आहे. डोळ्यांत तेल घालून राखण करावी लागते." मग पायांचे तुकडे पडले म्हणून कण्हायचं. ती भाबडी रोज संध्याकाळी बादलीत मिठाचं गरम पाणी आणायची आणि त्याचे पाय चेपून द्यायची. दालनात गादीची मस्त खुर्ची आहे, हे त्याने कधी तोंडातून काढलं नाही. कशाला काढेल?

अशात संग्रहालयाच्या संचालकबाईंच्या डोक्यात आलं की यंदाच्या फोटोंच्या प्रदर्शनात लोकांनाच निवड करू द्यावी. तिसऱ्या दालनात फोटो लागले आणि प्रत्येकाखाली काचेची बरणी आली. दारात माणशी एक बटण मिळणार, ते आवडत्या फोटोच्या बरणीत टाकायचं. जिंकलेला फोटो दोन मजले उंच करून रस्त्याकडच्या भिंतीवर लागणार होता.

फोटो निवडले होते चाळीस, लागले एकेचाळीस. फोटोग्राफरने दालनातला उजेड तपासायला एक क्लिक मारलं होतं, ते गठ्ठ्यात गेलं. त्यात कोण? दादा. खुर्चीत पसरलेला, तोंड उघडं, टोपी पोटावर, एक बूट काढलेला.

"बाई, हा चुकून लागलाय. काढून ठेवू का?" दादाने अगदी गरिबासारखं विचारलं.

"आता याद्या छापून झाल्या, दादा. राहू दे, त्याला कोण मत देतंय?"

पहिल्याच दिवशी एकेचाळीस नंबरची बरणी अर्धी भरली; शेजारच्या पुलाच्या फोटोची तेवढी बोटभर जास्त. त्या भिंतीसमोरूनच बायको रोज बाजारात जायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं झालं, तसा त्याने बरणीत हात घातला आणि मूठमूठ बटणं त्या पुलाला वाहिली. आपल्या बरणीत तीन ठेवली, अगदीच संशय नको म्हणून.

दुपारी दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या. थोरली थबकली. "अगं, याला तीनच?"

"एवढा दमलेला माणूस, आणि कुणाला दया नाही," धाकटी म्हणाली. दोघींनी बटणं टाकली आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला बाही धरून थांबवलं. संध्याकाळपर्यंत बरणी काठोकाठ भरली.

तिसऱ्या दिवशी दादाने पुन्हा उपसली, लोकांना पुन्हा दया आली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गप्प बसला असता तर पूल जिंकला असता हो. पण त्याला दम कुठला?

आठवड्याने निकाल लागला. रविवारी मजुरांनी भिंतीवर दादा चढवला. त्याची एक नाकपुडी खिडकीएवढी होती.

सोमवारी घरी जाताना त्याचे पाय खरोखरच दुखत होते, कारण भीतीने तो दिवसभर उभा राहिला होता. सांगायचं काय? आजारी होतो? जुळा भाऊ आहे? बावीस वर्षांची थाप, आणि आता तिला तोंड कसं दाखवायचं? त्याला मनापासून लाज वाटली.

दार उघडंच होतं. बादली जागेवर होती, पाण्यातून वाफ निघत होती. दादाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे तिने पाहिलंच नाही.

मग त्याला दिसलं की त्याच्या खुर्चीत ती बसली आहे, आणि बादलीत पाय तिचे आहेत.

"आलात?" ती म्हणाली. "टोपी काढा आणि इकडे खाली बसा. मी पहाटेपासून उभी आहे. माझा फोटो कुणी काढला नाही, एवढंच."

दादा खाली बसला. बाह्या वर केल्या आणि पाय चेपू लागला.

"जरा जोर लावा," ती म्हणाली. तिने मान मागे टाकली, आणि थोड्याच वेळात तिचं तोंड उघडं पडलं.